बॅटरी हेल्थ ९७ की ८८? आकडा गाडीतच आहे, बघू कोणाला देतात हा प्रश्न आहे

प्रश्न थोडक्यात असा आलाय: चार वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घ्यायचीय, विकणारा म्हणतो बॅटरी हेल्थ (म्हणजे नवी असतानाच्या क्षमतेपैकी आता किती उरलीय) ९७ टक्के आहे, स्वतः ओबीडीचं डोंगल (गाडीतली माहिती वाचायच्या सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) लावून फोनवरच्या अ‍ॅपमध्ये बघितलं तर ८८ दिसलं, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं तर त्यांनी "बॅटरी ओके आहे" एवढंच सांगितलं, आकडा काही दिला नाही. मग विश्वास कोणावर ठेवायचा, आणि आकडा लपवतात म्हणजे आतमध्ये काहीतरी काळंबेरं असणारच ना?

आधी सरळ उत्तर देतो, मग सवयीप्रमाणे पाल्हाळ लावतो. तिघंही आपापल्या परीने खरं बोलत असतील अशी दाट शक्यता आहे. ९७ पण बरोबर, ८८ पण बरोबर आणि "ओके" पण बरोबर, कारण तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत आणि तुम्हाला वाटतंय की प्रश्न एकच होता. मी स्वतः तुमच्या जागी असतो तर ८८ धरून भाव केला असता, पण त्याच्याआधी दोन गोष्टी स्वतः तपासल्या असत्या, त्या शेवटी सांगतो.

मी बॅटरीच्या कामाला लागण्याआधी बरीच वर्षं पेट्रोल-डिझेलवर हात काळे केलेत. तिथे जुनी गाडी बघायला गेलं की काय करायचो? गार इंजिन स्टार्ट करायचं, आवाज ऐकायचा, सायलेन्सरचा धूर कुठल्या रंगाचा येतो ते बघायचं, ऑइलची कांडी काढून बोटावर ऑइल चोळून बघायचं, जास्तच शंका आली तर कॉम्प्रेशन टेस्ट. यातलं काहीही करायला कंपनीची परवानगी लागत नव्हती. इंजिन लपवाछपवी करू शकत नाही, ते आवाज करतं, गळतं, धूर सोडतं. बॅटरी पॅक यातलं काहीच करत नाही. बंद पेटी आहे, खाली फ्लोअरला बोल्टने घट्ट बसवलेली, उघडायला हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग लागतं आणि उघडून नुसतं डोळ्यांनी बघितलं तरी काही कळत नाही, चांगला सेल आणि थकलेला सेल शेजारीशेजारी ठेवले तर मलाही बघून ओळखता येणार नाहीत. म्हणून इलेक्ट्रिक गाडीत मेकॅनिकचे कान आणि नाक म्हणजे डेटा. तोच कुलपात असेल तर गाडी कितीही चांगली असो, घेणाऱ्याच्या पोटात गोळा येणारच. लोक मला म्हणतात की ग्राहकांना बॅटरीची भीती वाटते, मला तसं वाटत नाही, भीती बॅटरीची नसते हो, आतमध्ये काय आहे ते कळायला मार्ग नाही याची असते.

आता ९७ कुठून आला असेल याचा माझा अंदाज सांगतो, कारण ही चूक मी इतक्यांदा बघितलीय की आता हसूही येत नाही. समजा गाडी नवी असताना वापरता येण्यासारखी क्षमता ४० युनिट होती (युनिट म्हणजे आपलं नेहमीचं किलोवॉट-अवर). विकणाऱ्याने काय केलं, १० टक्क्यांवर गाडी घरच्या चार्जरला लावली, ९० ला काढली, चार्जरच्या मीटरवर ३१ युनिट दिसले. ८० टक्क्याला ३१ तर १०० टक्क्याला किती, ३८.७५. भागिले ४०, आले जवळजवळ ९७ टक्के. हिशोब चोख आहे, खोट काही नाही. फक्त ते ३१ युनिट भिंतीतून निघालेत, बॅटरीत तेवढे पोचलेले नाहीत. भिंतीतल्या एसी करंटचं बॅटरीला लागणारा डीसी करंट करताना गाडीतला चार्जर तापतो, वायर तापते, चार्जिंग चालू असताना गाडीचे कंट्रोलर आणि पंप जागे असतात, या सगळ्यात १० टक्क्याच्या आसपास सहज जातं, हळू चार्जिंग असेल तर त्याहून जास्त. समजा बॅटरीत खरे २८.२ पोचले. मग २८.२ भागिले ०.८ म्हणजे ३५.२५, आणि ४० ने भागलं की ८८. तीच गाडी, तेच चार्जिंग, फक्त मोजलं कुठे त्यावर ९ टक्क्याचा फरक पडला. तुमचं डोंगल बॅटरीच्या जवळचा आकडा वाचतंय म्हणून ते ८८ म्हणतंय.

पण ८८ म्हणजे ब्रह्मवाक्य असंही समजू नका.

बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारा कंट्रोलर, हेल्थ मोजत नाही. तो मोजतो फक्त तीन गोष्टी, व्होल्टेज, करंट आणि तापमान. बाकी चार्ज किती टक्के, हेल्थ किती टक्के, रेंज किती, हे सगळं त्याने त्यावरून बांधलेले अंदाज असतात. किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला याची तो सतत बेरीज-वजाबाकी करतो, आणि त्या बेरजेत हळूहळू चूक साठत जाते. मग गाडी बराच वेळ शांत उभी असली की सेलचं स्थिर व्होल्टेज बघून तो आपली चूक सुधारून घेतो. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलमध्ये हे बरं जमतं, कारण चार्ज उतरेल तसं व्होल्टेज स्पष्ट उतरत जातं. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलची मात्र गंमत आहे, त्याचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपास सपाट असतं, ३० टक्के आणि ७० टक्के यात ओळखण्याजोगा फरकच नाही, म्हणून अशा गाड्यांना अधूनमधून १०० पर्यंत चार्ज करा असं कंपन्या सांगतात. एखाद्याने वर्षभर गाडी ४० ते ७० मध्येच खेळवली असेल तर त्याच्या बीएमएसला स्वतःलाच नीट माहीत नसतं की आपण कुठे आहोत. मी अशा गाड्या एकदा नीट खाली करून, रात्रभर उभ्या ठेवून, पूर्ण चार्ज केल्यावर हेल्थचा आकडा दोन-तीन टक्क्यांनी वर सरकलेला बघितलाय, आणि एकदोनदा खाली पण. बॅटरी तीच होती, बीएमएसला फक्त जाग आली.

शिवाय टक्केवारी काढताना भागायचं कशाने हा घोळ वेगळाच. पॅकची एकूण क्षमता एक, वापरायला दिलेली क्षमता दुसरी, मधला भाग राखीव. काही मॉडेलमध्ये सॉफ्टवेअर हळूहळू तो राखीव भाग मोकळा करतं, त्यामुळे झीज होत असते पण मालकाला पहिली काही वर्षं काहीच कमी झालेलं दिसत नाही. वाईट नाही हे, मात्र अशा गाडीत "अजून १००% आहे बघा" याला काही अर्थ उरत नाही.

आणि समोरच्या स्क्रीनवर फुल चार्जला रेंज किती दाखवते ते तर बघूच नका. ते मीटर म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. मागच्या काही किलोमीटरला गाडी कशी चालवली त्यावरून ते पुढचं सांगतं. कोणी चार दिवस हळूहळू, एसी बंद ठेवून चालवली की रेंज फुगते. विकायच्या आधी गाडी हळू फिरवून आणणारे महाभाग मी बघितलेत.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे नुसत्या टक्क्यावर मी का विसंबत नाही ते कळेल. एक गाडी आली होती, कंपनी आणि मॉडेल सांगत नाही. मालकाची तक्रार अशी की चार्ज ११-१२ टक्क्यावर आला की गाडी अचानक कासवाच्या चालीवर येते, आणि एकदा तर भर चौकात बंद पडली. सर्व्हिस सेंटरने दोनदा तपासून "एरर कोड नाही, बॅटरी ओके" म्हणून परत पाठवली होती. हेल्थ वाचली तर ९१, चार्ज तेव्हा ७८ टक्के होता. पॅकमध्ये ९६ सेलगट एकापुढे एक, साखळीसारखे. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा गट यांच्या व्होल्टेजमध्ये फरक फक्त १४ मिलिव्होल्ट. इथेच थांबलो असतो तर मी पण ओके म्हणूनच पाठवली असती. पण मालकाला शेजारी बसवून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, गाडी चालवत खाली उतरवत नेली. ४० टक्क्याला फरक २२. २५ टक्क्याला ४५. १५ च्या खाली गेल्यावर ९६ पैकी ९५ आकडे आपले हातात हात घालून हळूहळू उतरतायत आणि एकच गट, ६१ नंबरचा, सुटल्यासारखा खाली चाललाय, १०० मिलिव्होल्ट, १३०, चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की २५०. साखळीत एक कडी कमजोर असली की अख्खी साखळी तेवढीच, तो एक गट तळाला गेला की बीएमएस गाडी थांबवणारच, बाकीच्या ९५ मध्ये माल शिल्लक असला तरी. मालक स्क्रीनकडे बघत म्हणाला, "म्हणजे मी वेडा नव्हतो." त्या सगळ्या आकड्यांची नोंद, म्हणजे लॉग, काढून वॉरंटीला जोडला आणि मॉड्यूल (काही सेलगटांचा मिळून एक ठोकळा) बदलून मिळालं. हेल्थचा आकडा ९१ होता, आणि वॉरंटी लागू व्हायला हेल्थ ७० च्या खाली जावी लागते, त्याच्या कितीतरी वर. त्या एका आकड्यावर त्याची केस कधीच उभी राहिली नसती.

म्हणून मी म्हणतो की डेटा मिळाला पाहिजे म्हणजे नुसती टक्केवारी नको, टक्केवारी ही गुणपत्रिका झाली. सेलची व्होल्टेज, तापमान, अंतर्गत रोध, आतापर्यंत एकूण किती युनिट आत गेले किती बाहेर आले, आणि हे सगळं कुठल्या चार्जला आणि किती तापमानाला वाचलं ते, ही उत्तरपत्रिका. दुसऱ्या कोणाला तपासता येईल असा आकडा असेल तरच त्याच्यावर कोणी पैसे लावेल.

"ओके" चं म्हणाल तर सर्व्हिस सेंटरचं टूल बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतं, ही बॅटरी वॉरंटी क्लेममध्ये बसते का. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आणि ७० टक्के अशी असते. ७० च्या वर असेल तर हिरवा दिवा. तुम्हाला हवंय ते हे, की पुढची पाच वर्षं ही गाडी मला पुरेल का. त्या काउंटरवरच्या मुलाच्या स्क्रीनवर कदाचित आकडा दिसतही नसेल, दिसला तरी सांगायची मुभा नसेल. लपवतायत म्हणजे गडबडच आहे असं मी म्हणणार नाही. आळस, जबाबदारी अंगावर येण्याची भीती आणि "डेटा आमचा" ही वृत्ती, यातच बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

मुळात ही कुलुपं लागली कशी ते बघा. ओबीडीचं ते स्टिअरिंगखालचं सॉकेट कोणाच्या मेहेरबानीने आलेलं नाही, अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ते सक्तीचं झालं आणि युरोपात २००१ पासून पेट्रोल गाड्यांना. कारण होतं प्रदूषण. धुराशी संबंधित बिघाड कुठल्याही साध्या स्कॅनरने वाचता आले पाहिजेत असा नियम होता. आता इलेक्ट्रिक गाडीला सायलेन्सरच नाही, म्हणजे धुराचा नियम लागू नाही, म्हणजे ते ठरावीक कोड द्यायची सक्तीही नाही. सॉकेट बहुतेक गाड्यांत आहे, पण त्यामागे प्रत्येक कंपनीची आपली वेगळी भाषा. फोनवरची जी अ‍ॅप्स हेल्थ दाखवतात ती कोणीतरी हौशी माणसांनी रात्र-रात्र बसून गाडीला एकेक प्रश्न विचारून, येणाऱ्या बाइटचा अर्थ लावून बनवलीयत. त्यांचे उपकार आहेत, खरंच. पण कुठल्या बाइटचा अर्थ चुकला, किंवा एका सॉफ्टवेअर अपडेटमध्ये जागा बदलली, की तुमचं ८८ चं ८१ होतं आणि गाडीला काही झालेलं नसतं. काही नव्या मॉडेलमध्ये तर मध्ये गेटवे, म्हणजे पहारेकऱ्यासारखा कंट्रोलर, बसवलाय, सॉकेटला डोंगल लावलं तर गाडी उत्तरच देत नाही.

याची किंमत कंपन्यांनीही मोजलीय. निसान लीफ २०१० च्या शेवटी आली, बॅटरीला पंप-पाण्याचं कूलिंग नव्हतं. डॅशबोर्डवर क्षमतेच्या १२ दांड्या. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या उन्हात लोकांच्या दांड्या जायला लागल्या. आता त्या दांड्या सारख्या मापाच्या नव्हत्या, पहिली दांडी जाईपर्यंत जवळजवळ १५ टक्के क्षमता गेलेली असायची, पुढच्या प्रत्येकीला सहा-सव्वासहा. म्हणजे मालकाला बरेच दिवस काही दिसत नाही आणि मग एकदम दिसतं. मालकांनी आपणच तुलना केली, गाड्या एकत्र आणून रेंज मोजली, ओरडा झाला, आणि शेवटी २०१३ मध्ये कंपनीने ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांत ९ दांड्यांच्या खाली गेलं तर दुरुस्त करून देऊ अशी क्षमतेची वॉरंटी वाढवून दिली. "इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी उन्हात मरते" हा समज तिथून जो पसरला तो कूलिंग असलेल्या गाड्यांनाही आजपर्यंत चिकटलाय. आणि हो, जुन्या मॉडेलमध्ये बीएमएस रिसेट करून दांड्या परत आणायची चलाखी पण काही विकणाऱ्यांनी केली, काही आठवडे चालवलं की परत खाली. एकच आकडा आणि तोही पुसता येणारा, मग दुसरं काय होणार.

दुसरं उदाहरण टेस्लाचं. २०१९ मध्ये मॉडेल एसच्या काही जुन्या गाड्यांवर अपडेट आलं आणि फुल चार्जचं व्होल्टेज खाली आणलं गेलं, मालकांना एके सकाळी रेंज कमी. अमेरिकेत केस झाली, २०२१ मध्ये १५ लाख डॉलरची तडजोड, १,७४३ गाड्या, प्रत्येकी ६२५ डॉलर. त्या अपडेटमागे सुरक्षेचं कारण असेलही, पण गाडी माझी, बॅटरी माझी आणि तिचा वरचा थर मला न विचारता काढून घेतला ही भावना ६२५ डॉलरने जात नाही.

उलटंही होऊ शकतं, म्हणजे डेटानेच विश्वास परत आणायचा प्रयत्न. शेव्हर्ले बोल्ट या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटऱ्यांना आगी लागल्या, २०२१ मध्ये सगळ्या बोल्ट परत बोलावल्या. नंतर काही वर्षांच्या मॉडेलना सरसकट बॅटरी बदलून न देता कंपनीने सॉफ्टवेअर दिलं, ते साधारण १०,००० किलोमीटर चार्जिंग ८० टक्क्यावर रोखून सेलवर लक्ष ठेवतं, काही विचित्र दिसलं नाही तर आपोआप १०० पर्यंत मोकळं करतं, दिसलं तर बॅटरी बदलून. इंजिनिअर म्हणून मला कल्पना आवडली. पण मालकाच्या नजरेने बघा, परीक्षक कंपनीचा, पेपर कंपनीचा, निकाल कंपनीचा, आणि तुम्हाला फक्त पास की नापास.

नियम आता येतायत, जरा उशिराच. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन मंचाने २०२२ मध्ये जागतिक नियम क्रमांक २२ काढला, त्यात बॅटरी ५ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरला ८० टक्के आणि ८ वर्षं किंवा १.६ लाखाला ७० टक्के राहिली पाहिजे असं आहे. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते, गाडीने हेल्थचा आकडा दाखवायचा आणि तो दाखवलेला आकडा खरा आहे का हे चालत्या गाड्या घेऊन तपासायचं, अशी पद्धत त्यात आहे. मापाला माप लावलंय. कॅलिफोर्नियाने २०२६ च्या मॉडेलपासून बॅटरीची हेल्थ मालकाला गाडीतच दिसली पाहिजे असं ठरवलं. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून बाजारात येणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट, म्हणजे तिची माहिती असलेली ऑनलाइन नोंद, लागेल. आणि युरोपचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला, त्यात कनेक्टेड (इंटरनेटला जोडलेली) वस्तू वापरणाऱ्याला तिचा डेटा मिळण्याचा आणि तो आपल्या पसंतीच्या तिसऱ्या माणसाकडे, म्हणजे माझ्यासारख्या गॅरेजवाल्याकडे, पाठवण्याचा हक्क आहे. त्यात मेख अशी की कच्चा आणि थोडाफार साफ केलेला डेटा द्यायचा, कंपनीने त्यावर स्वतःचं डोकं लढवून काढलेले निष्कर्ष नाही. मग हेल्थचा आकडा डेटा की निष्कर्ष? वकिलांची दहा वर्षांची सोय झाली. मला विचाराल तर व्होल्टेज आणि करंट द्या, निष्कर्ष आम्ही काढू.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये २०२० साली यावर थेट लोकांचं मतदान झालं, की गाडी वायरलेसने कंपनीला जो डेटा पाठवते तो मालकाला आणि बाहेरच्या गॅरेजला मिळावा का. तीन-चतुर्थांश लोक हो म्हणाले. लगेच कार कंपन्यांची संघटना कोर्टात गेली आणि पुढची कित्येक वर्षं कायदा कागदावरच लोंबकळत राहिला.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असं नाही. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी चालती जीप दूरवरून ताब्यात घेऊन दाखवली आणि १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्यामुळे दार सताड उघडं ठेवा असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पण वाचायची परवानगी आणि लिहायची परवानगी यात फरक आहे ना. मला सेल ६१ चं व्होल्टेज वाचायचंय, ब्रेक दाबायचा नाहीये. सुरक्षेचं कारण देऊन दोन्ही दारं एकाच कुलपात घालतात तिथे माझं डोकं फिरतं.

आणि खाजगीपणाचं कारण पुढे करतात तेव्हा तर जास्तच. बॅटरीचा डेटा वेगळा आणि माणसाचा डेटा वेगळा. सेलचं तापमान कळल्याने तुम्ही रात्री कुठे होतात ते कोणाला कळत नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये जर्मनीत उघडकीला आलं की फोक्सवॅगन समूहाच्या साधारण ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती क्लाउडवर नीट बंद न करता पडलेली होती, त्यातल्या साडेचार लाखांहून जास्त गाड्यांचं ठिकाण तर अगदी नेमकं. जनरल मोटर्सवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२५ मध्ये कारवाई केली, कारण लोक ब्रेक कसा मारतात, गाडी किती वेगाने चालवतात हा डेटा पत-माहिती विकणाऱ्या कंपन्यांकडे आणि तिथून विम्यावाल्यांकडे पोचला होता. म्हणजे जो डेटा बाहेर जायला नको तो बाहेर, आणि जो मालकाच्या हातात पाहिजे तो आत. हे उलटं झालं की ग्राहक दोन्हीकडून बिचकतो, आणि मग सगळा दोष "लोकांना नवीन तंत्रज्ञान नको असतं" या वाक्यावर ढकलून द्यायला सगळे मोकळे.

अजून एक, डेटा फक्त कंपनीच्या सर्व्हरवरच असेल तर तो कंपनीइतकाच टिकाऊ. फिस्कर या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीने जून २०२४ मध्ये दिवाळं काढलं, ३ हजारांहून जास्त पडून असलेल्या गाड्या एका भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीने घेतल्या आणि मग गाड्यांचा डेटा दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येत नाही इथे घोडं अडलं. गाडी दारात उभी आहे, चाकं फिरतायत, पण तिचं नियंत्रण करणारं दप्तर दुसऱ्याच्या घरात. ब्रिटनमध्ये २०२४ च्या एप्रिलमध्ये जुन्या लीफचं अ‍ॅप बंद झालं कारण २जी नेटवर्क बंद होणार होतं. म्हणून माझा आग्रह असतो की हेल्थची माहिती गाडीतच राहिली पाहिजे, वायर लावून वाचता आली पाहिजे, अ‍ॅप-बिप सगळं वरचं.

एक दिलासा देतो, कारण हे सगळं वाचून तुम्ही गाडीच घेणार नाही. गाड्यांवर डेटाने लक्ष ठेवणाऱ्या जिओटॅब कंपनीने साधारण ५ हजार गाड्यांचा डेटा बघून २०२४ मध्ये सांगितलं की सरासरी झीज वर्षाला १.८ टक्के, त्यांच्याच आधीच्या अभ्यासात २.३ होती. त्या हिशोबाने चार वर्षांत ७ ते ९ टक्के. तुमची ८८ म्हणजे थोडी जास्त झिजलेली, पण घाबरण्यासारखी नाही, आणि सुरुवातीची झीज जरा जोरात होऊन मग मंदावते हे बहुतेक बॅटऱ्यांचं असतं. फास्ट चार्जिंग किती वेळा केलं हा आकडा लोक फार धरून बसतात, मी त्यापेक्षा गाडी १०० टक्के चार्ज करून उन्हात दिवसच्या दिवस उभी असायची का ते विचारतो.

आता करायचं काय. विकणाऱ्याला सांगा की गाडी १० टक्क्यापर्यंत तुम्ही स्वतः शेजारी बसून उतरवणार, डोंगल लावून, आणि सेलमधला सगळ्यात वरचा आणि खालचा आकडा बघणार. ८० टक्क्याला सगळ्याच गाड्या गुणी असतात, खरी ओळख २० च्या खाली. गाडी शांत उभी असताना दोघांत फरक २०-३० मिलिव्होल्ट असेल तर काळजी नाही, खाली जाताना एकच नंबर सारखा मागे पडत असेल तर सरळ नको म्हणा, किंवा मॉड्यूलचा खर्च धरून भाव पाडा. मग तिथूनच डीसी फास्ट चार्जरला लावा, १० ते ९०. डीसी चार्जर हा दुसरा साक्षीदार, एसी-डीसीचं नुकसान आधीच झालेलं असतं त्यामुळे त्याच्या मीटरचे युनिट बॅटरीत गेलेल्याच्या बरेच जवळ असतात, बॅटरी गरम-थंड करण्यात थोडे जातील तेवढे सोडा. भागिले ०.८, भागिले नव्या गाडीची वापरायची क्षमता. हे ८६ ते ९१ च्या मध्ये आलं तर तुमच्या डोंगलचं ८८ खरं. फार वेगळं आलं तर एक रात्र पूर्ण चार्ज करून उभी ठेवून परत वाचा, आणि तेव्हाही जुळत नसेल तर बॅटरी तपासून सर्टिफिकेट देणारे असतात त्यांच्याकडे न्या, मात्र त्यांना आधी विचारा की तुम्ही गाडीचाच आकडा छापून देता की स्वतः मोजता.

सर्व्हिस सेंटरकडून तोंडी "ओके" घेऊ नका, जॉब कार्डवर लिहून मागा, कुठली टेस्ट केली, किती चार्जला, तारीख आणि किलोमीटर. नाही म्हणाले तरी "मागितलं, दिलं नाही" असं ईमेलवर राहू दे, वॉरंटीची चार वर्षं अजून शिल्लक आहेत आणि ती दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या. लॉगची फाइल मिळाली तर मला पाठवा, स्क्रीनशॉट नको, फाइल.